रुळांवरच्या वेगमर्यादांचा हिशेब उघडा ठेवा : भुयारी रेल्वे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शहरी भुयारी रेल्वेची व्यवस्थापने, त्यांची संचालक मंडळे आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणारी सर्व प्राधिकरणे यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. तुमच्या मार्गावर आज जिथे जिथे तात्पुरती वेगमर्यादा लागू आहे, त्या प्रत्येक जागेची नोंद लोकांपुढे ठेवा. कोणत्या दोन स्थानकांच्या मधे, कोणत्या दिशेच्या रुळावर, किती मीटर लांब, किती वेग, कशामुळे, कोणत्या तारखेपासून, आणि दुरुस्ती होऊन ती कधी उठणार. यातले जवळजवळ सगळे तुमच्या नियंत्रण कक्षात आजही लिहिलेले असते. वेग कुठे आणि किती कमी करायचा हे कळल्याशिवाय मोटरमनला गाडी नेताच येत नाही. आमच्यापर्यंत मात्र यातले काहीच येत नाही. आम्हाला फक्त गाडी हळू झालेली कळते.

वेगमर्यादा लावण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे सुरुवातीलाच नोंदवते. रूळ झिजला असेल, वेल्डमध्ये बारीक चीर दिसली असेल, रुळाला धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल झाल्या असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत तिथून गाडी हळू नेणे हेच योग्य. वळणावर गाडीला बाहेर खेचणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला की तो जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि गाडी घसरलीच तर जी ऊर्जा शेवटी माणसांच्या अंगावर येते तीही चौथ्या हिश्श्यावर येते. रात्री पाहणी करून 'इथून हळू' असे लिहिणारा अभियंता आमचा जीव वाचवत असतो. त्याच्या सहीला कोणी वरून आडकाठी करू नये, हीही या पत्रातली मागणीच समजा.

ती सही झाली नाही तर काय होते, हे १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ दिसले. तो मार्ग भुयारी नव्हता, पण चाक आणि रूळ सगळीकडे सारखेच. रुळाच्या माथ्यावरच्या चिरा आधीच लक्षात आल्या होत्या. बदलायचे नवे रूळ आणून शेजारी टाकून ठेवले होते. तरीही वेगमर्यादा लावलेली नव्हती. भरधाव गाडीखाली रुळाचे तुकडे झाले आणि चार माणसे गेली. त्यानंतर देशभर हजारापेक्षा जास्त ठिकाणी घाईघाईने वेग उतरवावा लागला आणि वेळापत्रक कित्येक महिने कोलमडले. नवा रूळ जुन्या रुळाच्या शेजारी पडून आहे आणि त्याच जुन्या रुळावरून गाड्या चालल्या आहेत, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

तेव्हा वेग कमी करा, जरूर करा. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. वेगमर्यादा म्हणजे दुरुस्तीची उधारी. अडीअडचणीला उधारी सगळेच करतात, पण वहीत तारीख लागते आणि फेड कधी होणार ते ठरावे लागते. तुमच्यापैकी अनेकांच्या वहीत उधारी चढत जाते, फेडीची तारीख कोरी राहते, आणि ती वही कुणाला दाखवली जात नाही.

एका छोट्याशा वेगमर्यादेची किंमत किती असते, हे कदाचित तुमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत आकड्यांनी मांडले जात नसेल, म्हणून मी मांडते. समजा दोनशे मीटरच्या पट्ट्यात ताशी ६० किलोमीटरऐवजी २० ने जायचे आहे. ऐकायला दोनशे मीटर फार नाहीत. पण शेवटचा डबा त्या पट्ट्याबाहेर पडेपर्यंत मोटरमनला वेग वाढवता येत नाही. गाडी १८० मीटर लांब असेल तर प्रत्यक्षात ३८० मीटर अंतर रांगत काटावे लागते. एरवी जिथे २३ सेकंद लागले असते तिथे ६८ लागतात. वेग आधी उतरवण्यात आणि नंतर पुन्हा चढवण्यात जाणारा वेळ वेगळाच. म्हणजे एका जागेमागे किमान पाऊण मिनिट गेले. अशी दहा ठिकाणे जाताना आणि दहा येताना असली की फेरीमागे पंधरा मिनिटे गेली.

दीड तासाची फेरी मग पावणेदोन तासांची होते. तीस गाड्यांवर दर तीन मिनिटांनी सेवा चालत असेल, तर त्याच तीस गाड्यांत ती साडेतीन मिनिटांवर जाते. तासाला वीसऐवजी सतराच गाड्या सुटतात. गाडीत हजार माणसे मावत असतील तर गर्दीच्या प्रत्येक तासाला तीन हजार माणसांची जागा नाहीशी झाली. ती माणसे घरी परत जात नाहीत, फलाटावर साठतात. दार बंद व्हायला वेळ लागू लागतो, गाडी स्थानकात जास्त थांबते, मागची गाडी बोगद्यात सिग्नलला अडकते आणि उरलेसुरले वेळापत्रकही जाते. अर्धा मिनिट उशीर झाला म्हणून कुणी ओरडत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. पण ओरडणाऱ्याला हे माहीतच नसते की त्याला गाडीत शिरता आले नाही ते तीन स्थानके मागच्या एका सैल सांध्यामुळे.

त्यात एक पळवाट काढली जाते, ती मला सर्वांत जास्त खुपते. वेगमर्यादा बरेच दिवस राहिली की नव्या वेळापत्रकात तो जास्तीचा वेळ गुपचूप धरला जातो. मग गाड्या 'वेळेवर' धावू लागतात. वार्षिक अहवालात वक्तशीरपणाची टक्केवारी चांगली दिसते, आणि प्रवास मात्र पूर्वीपेक्षा पाच मिनिटांनी लांबलेला असतो. वक्तशीरपणा मोजायचाच असेल तर रूळ ठणठणीत असताना जो वेळ लागतो त्याच्याशी मोजा. मूळ आराखड्यातला प्रवासवेळ आणि आजचा प्रवासवेळ हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा.

जमिनीखालचा रूळ लवकर का बिघडतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे पत्र प्रवासीही वाचणार आहेत. बोगद्यात ऊन नाही, पाऊस नाही, मग रुळाला काय होते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर बोगदा झिरपतो. भिंतीच्या सांध्यांतून येणारे पाणी क्षार घेऊन येते आणि रुळाच्या तळाशी साचते. शिवाय, डीसी विजेवर चालणाऱ्या मार्गांवर गाडीने घेतलेला प्रवाह परत जातो तो रुळांतूनच. रूळ आणि खालचे काँक्रीट यांच्यामधले इन्सुलेशन ओलाव्याने आणि ब्रेकच्या, चाकांच्या लोखंडी धुळीने बिघडले, की त्यातला काही प्रवाह वाट सोडतो आणि जिथून तो निसटतो तिथले लोखंड खात जातो. माथा चकचकीत दिसतो आणि तळ पोखरलेला असतो. वळणांवर चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासून ती झिजवते. कुठे रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उठतात आणि गाडी त्या पट्ट्यावर आली की डब्यात बोलणे ऐकू येईनासे होते. रोजच्या प्रवाशाला ती घरघर कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते पाठ असते. ती दर महिन्याला थोडी थोडी वाढत गेलेली त्याने ऐकलेली असते. तक्रार कोणत्या खिडकीवर करायची, एवढेच त्याला माहीत नसते.

आणि या सगळ्यावर काम करायला वेळ किती मिळतो? शेवटची गाडी कारशेडला गेली की काम सुरू झाले, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात आधी त्या पट्ट्यात एकही गाडी उरली नाही याची नियंत्रण कक्षाने खात्री करायची. मग वीज बंद. ती खरोखर गेली आहे का ते जागेवर तपासायचे, अर्थिंग लावायचे, परवान्यावर सह्या व्हायच्या. त्यानंतर ट्रॅकमनची टोळी फलाटाच्या टोकाच्या अरुंद पायऱ्यांवरून खाली उतरते. हत्यारे मोजून आत न्यायची. रुळाचे वजन मीटरमागे ६० किलो धरले तर अठरा मीटरचा तुकडा हजार किलोंच्या पुढे जातो, आणि बोगद्यात क्रेन उभी करायला जागा नसते. जुना रूळ कापायचा, नवा बसवायचा, गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, जुळवायचा, सांध्यावर थर्मिटचा, म्हणजे रूळ जोडायच्या वितळणाऱ्या मिश्रणाचा, साचा लावायचा, टोके तापवायची, वितळलेला रस ओतायचा, तो निवू द्यायचा, माथा घासून सपाट करायचा, अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासायचा. निवायला जो वेळ लागतो तो लागतोच, घाई करून वेल्ड पक्का होत नाही. मग हत्यारे पुन्हा मोजायची, माणसे मोजायची, अर्थिंग काढायचे, सह्या, वीज चालू, आणि पहाटेची पहिली गाडी. चार तासांच्या रात्रीतून रुळावर हात लागतो तो दोन तास, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यात एखाद-दुसरा सांधा होतो. दोष मात्र त्याच रात्री दुसरीकडे तीन सापडलेले असतात.

म्हणून मी तुमच्याकडे आणखी एक गोष्ट मागते, आणि प्रवासी असूनही मागते : मार्ग बंद ठेवा. सांगून, वेळेवर, पुरेसा वेळ. न्यूयॉर्कची सबवे रात्रंदिवस चालते, म्हणजे तिथे दुरुस्तीसाठी हक्काची रात्रच नाही. तरी २०१२ पासून तिथे आठवड्यातल्या ठरावीक रात्री, दहा ते पहाटे पाच, एकेका मार्गाचा मोठा पट्टा सलग बंद ठेवून टोळ्यांना एकाच वेळी आत सोडण्याची पद्धत सुरू झाली. सलग सात तास मिळाले तर येण्याजाण्यात आणि सह्यांत वाया जाणारा वेळ एकदाच जातो. आठ-दहा दिवस पूर्ण बंद मिळाला तर रूळ, स्लीपर, निचऱ्याच्या मोऱ्या, केबल, सगळे एका दमात हाताखालून जाते. आम्ही कुरकुर करू, हे मान्य. पण वर्षानुवर्षे रोज दहा मिनिटे चोरून घेण्यापेक्षा दहा दिवस उघडपणे मागून घेतलेले बरे.

अट इतकीच, की बंदच्या शेवटी काय झाले ते मोजून दाखवा. इथे बॉस्टनची हकीकत सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या विषयात चुकायचे कसे आणि सावरायचे कसे, दोन्ही तिथे एकाच जाळ्यावर घडले.

अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग बॉस्टनमध्ये १८९७ साली सुरू झाला. तिथली ऑरेंज लाइन ऑगस्ट २०२२ मध्ये १९ तारखेच्या रात्रीपासून तीस दिवस पूर्ण बंद ठेवली गेली. कित्येक वर्षांची कामे एका महिन्यात उरकतील, असे लोकांना सांगितले होते. लोकांनी बसमधून लांबचे फेरे घेत तो महिना काढला. मार्ग उघडला तेव्हा गाड्या कित्येक ठिकाणी हळूच चालत होत्या आणि त्या वेगमर्यादा ठरल्या वेळेत उठल्या नाहीत. रूळ बदलल्यावर ते बसेपर्यंत, पुन्हा मापे घेईपर्यंत काही काळ वेग कमी ठेवावा लागतो, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ते बंदच्या आधी ठळकपणे सांगायचे असते. नंतर सांगितलेले खरे कारणही सबबीसारखे वाटते.

मग मार्च २०२३ उजाडला. राज्याच्या देखरेख खात्याने रेड लाइनच्या एका पट्ट्याची पाहणी केली, तेव्हा कोणता दोष सापडला होता, त्यावर काय केले, त्याची कोणी खातरजमा केली, हे सांगणारी कागदपत्रेच पुरेशी नव्हती. रूळ वाईट आहे असे सिद्ध झाले नव्हते, तो चांगला आहे असेही सिद्ध करता येत नव्हते. ९ मार्चच्या रात्री संपूर्ण मेट्रो जाळ्यावर, सगळ्या मार्गांवर, वेग ताशी १० ते २५ मैलांवर आणला गेला, म्हणजे १६ ते ४० किलोमीटर. एका खात्याच्या वहीत नोंदी नीट नव्हत्या म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खे शहर उशिरा कामाला पोहोचले. नोंदी ठेवणे हे कारकुनी काम आहे असे समजून त्याला माणसे न देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने ही रात्र लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी तिथे आणखी एक प्रकार उघडकीला आला. ग्रीन लाइनचा जमिनीवरून जाणारा नवा विस्तार डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण उघडला होता. वर्ष पुरे होण्याआधीच काही जागी गाड्या ताशी ३ मैलांनी न्याव्या लागल्या. शेजारून चालणारा माणूस पुढे गेला असता. रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, ठरल्यापेक्षा अरुंद भरत होते आणि विस्ताराच्या फार मोठ्या भागावर ते पुन्हा जुळवावे लागले. गेज अरुंद असल्याचे उद्घाटनाच्या आधीपासून मापांत दिसत होते, हेही बाहेर आले. मार्ग नवा आहे म्हणजे रूळ चांगला आहे, असे धरून चालणाऱ्यांसाठी हे लिहिते. ठेकेदाराकडून मार्ग ताब्यात घेताना घेतलेली मापे लोकांना दिसतील अशी ठेवली असती, तर फीत कापायच्या दिवशीच कुणीतरी प्रश्न विचारला असता.

आता सावरण्याची बाजू. ट्रान्झिटमॅटर्स नावाच्या स्वयंसेवी संस्थेतल्या लोकांनी गाड्यांच्या वेळांच्या उघड माहितीवरून कुठे गाडी हळू होते ते शोधून नकाशावर मांडायला आधीच सुरुवात केली होती. २०२३ मध्ये मेट्रो चालवणाऱ्या व्यवस्थापनाने स्वतःच प्रत्येक मार्गावरच्या वेगमर्यादांची यादी प्रसिद्ध करायला घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस पुढच्या संपूर्ण वर्षाचे बंदचे वेळापत्रक जाहीर झाले : कोणता पट्टा, कोणत्या तारखांना, आणि त्या बंदात किती वेगमर्यादा उठणार. बंद संपला की किती उठल्या ते सांगितले जाई. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जाळ्यावर वीसहून अधिक वर्षांत प्रथमच एकही वेगमर्यादा उरली नव्हती. मार्ग तेच, बोगदे तेच, थंडीही तीच. फरक पडला तो माणसे, पैसा आणि सलग वेळ मिळाल्याने, आणि सगळ्या शहराचे डोळे त्या यादीवर असल्याने. यादी उघडी असती आणि पैसा नसता तर काही झाले नसते, हे मला कळते. पण यादी उघडी नसती तर पैसा आला असता का?

वॉशिंग्टनचे उदाहरण थोडक्यात सांगते, ते वेगळ्या कारणासाठी. २९ जुलै २०१६ रोजी तिथल्या ईस्ट फॉल्स चर्च स्थानकाजवळ मेट्रोची गाडी घसरली. स्लीपर खराब झाले होते आणि गेज रुंदावला होता. चौकशीत निघाले की पाहणीच्या नोंदी खोट्या होत्या. जी मापे घेतलीच नव्हती ती वहीत भरलेली होती. मागाहून अनेकांवर कारवाई झाली, ती योग्यच. पण तपासनीस खोटे का लिहू लागतो, हा प्रश्न कारवाईने सुटत नाही. ज्या खात्यात दोष लिहिला की वरिष्ठांचा चेहरा पडतो, 'आता गाड्या उशिरा धावतील, जबाबदार कोण' असे विचारले जाते, तिथे हळूहळू 'ठीक' असे लिहिण्याची सवय लागते. दोष लिहिणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे. निदान त्याला एकटे पाडले जाऊ नये. वेगमर्यादांची यादी जाहीर असली तर तपासनिसाची नोंद दाबून ठेवणेही अवघड होते, म्हणून ती त्याच्यासाठीही संरक्षण आहे.

लावलेली मर्यादा उठवायला विसरणे, हा याच दुखण्याचा दुसरा प्रकार. न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली विल्यम्सबर्ग पुलावर सबवेच्या दोन गाड्यांची टक्कर झाली, मोटरमनचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर सगळ्या जाळ्यावर सिग्नल अधिक कडक केले गेले. ते करणे भागच होते. पण २०१८ मध्ये एका पथकाने प्रत्येक जागा तपासायला घेतली तेव्हा आढळले, की गाडीला लागलेला वेळ मोजून मगच वाट मोकळी करणारे अनेक सिग्नल बिघडलेले आहेत. पाटीवरच्या वेगाने गेले तरी ते गाडीला अडवत, म्हणून मोटरमन पाटीपेक्षाही हळू जात. पुष्कळ जागी मर्यादा गरजेपेक्षा खाली होती, ती सुरक्षितपणे वाढवता आली. इतकी वर्षे हे कुणी तपासले नव्हते, कारण हळू जाण्याने कधी कुणाची नोकरी जात नाही. म्हणून प्रत्येक मर्यादेला फेरतपासणीची तारीख हवी. त्या तारखेला अभियंत्याने जागेवर जाऊन एकतर ती उठवावी किंवा का ठेवली ते पुन्हा लिहावे.

दिल्लीच्या एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गाने ही शिस्त बरी पाळली, असे मला वाटते. जुलै २०१२ मध्ये उन्नत भागातल्या दोषांमुळे तो मार्ग बंद करावा लागला. २२ जानेवारी २०१३ रोजी तो पुन्हा सुरू झाला तेव्हा वेग ताशी ५० किलोमीटर होता. मग टप्प्याटप्प्याने तपासण्या होत तो वाढत गेला आणि २०२३ मध्ये १२० वर पोहोचला. दहा वर्षे हा फार मोठा काळ आहे, त्याबद्दल प्रश्न विचारता येतील. पण आजचा वेग किती आणि पुढचा टप्पा कोणता, हे प्रवाशाला वर्तमानपत्रात वाचायला मिळत होते.

यादी जाहीर करण्याविरुद्ध जी कारणे दिली जातात, त्यांतले पहिले म्हणजे प्रवासी घाबरतील. माझा अनुभव असा, की बोगद्यात गाडी थांबून दहा मिनिटे दिवे लुकलुकत राहिले आणि कोणी काही बोलले नाही की माणसे घाबरतात. 'पुढच्या पट्ट्यात रुळाचे काम बाकी असल्याने गाडी हळू जाईल' ही एक घोषणा झाली की डब्यातली कुजबुज थांबते. दुसरे कारण सुरक्षेचे : कुठला रूळ कमकुवत आहे हे जगाला कशाला सांगायचे? पण गाडी कुठे हळू होते ते रोज हजारो लोकांना खिडकीतून दिसतेच. यादीत फक्त तारीख आणि कारण वाढते. तिसरे कारण कुणी उघड बोलत नाही, पण खरे वजन त्याचेच असावे : तारीख लिहिली की ती चुकते, आणि चुकली की उत्तर द्यावे लागते. चुकू द्या. पाणी अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, रूळ यायला उशीर झाला, टोळीत माणसे कमी पडली, जे झाले ते लिहा आणि नवी तारीख टाका. तीनदा चुकलेली तारीखही कोरी ठेवलेल्या रकान्यापेक्षा आम्हाला जास्त कळवते. कोणत्या जागेवर तारीख वारंवार चुकते हे पाहून संचालक मंडळालाही कळेल, की पैसा कुठे कमी पडतो आणि माणसे कुठे.

बंद ठेवताना मात्र एक भान ठेवा. सबंध मार्ग बंद झाला की त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या सफाई कामगाराला आणि रुग्णालयातल्या परिचारिकेला दुसरे वाहन नसते. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला बदली बस चढता येण्याजोगी नसली, तर त्याच्यासाठी शहरच बंद होते. बदली बस प्रत्येक स्थानकाच्या दाराशी थांबावी, तिला खालच्या पायरीची किंवा उताराची सोय असावी, आणि बंदची सूचना किमान काही आठवडे आधी लागावी. आदल्या रात्री उद्वाहनाच्या दारावर चिकटवलेला कागद ही सूचना होत नाही.

ज्यांच्या हातून हे सगळे होते त्या ट्रॅकमनचा उल्लेख जाहिरातींत क्वचितच येतो. नवी स्थानके, नवे डबे, रंगीत नकाशे यांच्या उद्घाटनाला मंडप पडतो. बदललेल्या रुळाचे उद्घाटन होत नाही. अर्थसंकल्पातही हेच उतरते : नव्या मार्गाला निधी सहज मिळतो, देखभालीचा निधी प्रत्येक तंगीत पहिला कापला जातो, कारण त्याचे परिणाम दिसायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर खुर्चीवरचा माणूस बदललेला असतो. देखरेख करणाऱ्या प्राधिकरणांना माझी विनंती आहे, की नव्या विस्ताराला परवानगी देताना जुन्या मार्गावरच्या प्रलंबित वेगमर्यादांची यादी मागून घ्या. जुन्या रुळाला टोळी पुरत नसेल तर नवा रूळ कोण सांभाळणार, याचे उत्तर लेखी घ्या. आणि रात्रपाळीच्या टोळ्यांत किती पदे रिकामी आहेत, हा आकडा त्याच यादीच्या खाली छापायला सांगा.

यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, सल्लागार लागत नाही. मोटरमनला कामावर येताना जो वेगमर्यादांचा कागद मिळतो, त्यातल्या ओळी साध्या भाषेत लिहून स्थानकाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावायच्या आहेत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पहिली यादी लावा. दुरुस्तीच्या तारखेचा रकाना काही ओळींत रिकामा असेल तर तो रिकामा ठेवूनच लावा, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात त्यातल्या निदान काही ओळी भरून दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भुयारी रेल्वेची एक नियमित प्रवासी